दुखणं आणि तलफ: एका मशिनमनचं प्रकरण

डेंग्यूची तपासणी निगेटिव्ह आली, मलेरियाचीही. 2022 चा ऑगस्ट. अंग मोडून आलेलं, नाक गळतंय, जांभयांवर जांभया, पोट बिघडलेलं, अंगावर सारखा काटा. ताप मात्र नाही. मुंबईत पावसाळ्यात असं काही झालं की पहिलं रक्त तपासायला धावतात, तसे हेही धावले. डॉक्टरांनी व्हायरल म्हणून सोडून दिलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी हे गृहस्थ ‘जरा पाय मोकळे करून येतो’ म्हणून भांडुपच्या घरातून खाली उतरले आणि तासाभराने परत आले ते ठणठणीत. व्यवस्थित जेवले, बातम्या बघत बसले. त्यांच्या पत्नीला आधी हायसं वाटलं आणि मग वाटेनासं झालं.

“ताई, व्हायरल तासाभरात उतरतो का हो?” पहिल्या भेटीत वहिनींनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न.

मध्य मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयाच्या व्यसनमुक्ती ओपीडीत मी समुपदेशक आहे. इथे जे प्रकरण मांडते आहे त्यातले ओळख पटेल असे तपशील बदललेले आहेत. त्यांना मी मशिनमनच म्हणते, कारण तीच त्यांची ओळख त्यांना स्वतःला आवडते. वय तेव्हा 47. लोअर परळच्या एका औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यात चार रंगांचं ऑफसेट मशीन चालवायचे. वडील गिरणी कामगार, माळकरी, तंबाखूचा बार मात्र गालात कायम. घरात दारूचा थेंब नाही. हे ‘थेंब नाही’ पुढे फार महत्त्वाचं ठरलं, कारण व्यसन म्हणजे दारू, एवढंच त्या घराला माहीत होतं.

गणपतीच्या साफसफाईत वहिनींनी माळ्यावरून मखराचं खोकं काढलं. त्यात थर्माकोलच्या खाली गोळ्यांची रिकामी पाकिटं निघाली. त्यांनी मोजली. त्रेसष्ट. पतपेढीत हिशेब लिहायची नोकरी, त्यामुळे मोजल्याशिवाय त्यांना राहवत नाही. पाकिटं माळ्यावर का, याचं उत्तर साधं होतं. ओला कचरा, सुका कचरा वेगळा करायचं काम घरात त्यांचंच. सुक्यात रोज एक पाकीट दिसलं असतं.

एका पाकिटात दहा गोळ्या. प्रत्येक गोळीत 37.5 मिलिग्रॅम ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक आणि 325 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल. दिवसाला एक पाकीट, म्हणजे 375 मिलिग्रॅम ट्रॅमाडॉल. दिवसाची कमाल मात्रा 400 धरतात, तिच्या वर झटके (फिट) येण्याचा धोका वाढत जातो. पॅरासिटामॉल सव्वातीन ग्रॅम, तेही चार ग्रॅमच्या मर्यादेला टेकत आलेलं. कडेलोटापासून ते एका गोळीच्या अंतरावर होते आणि हे त्या घरात कोणालाच ठाऊक नव्हतं.

चिठ्ठी खरी होती

सुरुवात 2019 ची. दिवाळी अंकांचा हंगाम. 23 बाय 36 इंची, 90 जीएसएम कागदाची एक रीम साधारण 24 किलो भरते. अशा रिमा दिवसभर उचलून फीडरवर चढवायच्या. एका रात्री वाकले ते सरळ होईनात. एमआरआयमध्ये चौथ्या-पाचव्या मणक्यामधली चकती सरकलेली. अस्थिरोगतज्ज्ञांनी विश्रांती, फिजिओथेरपी आणि या गोळ्या लिहून दिल्या: दिवसाला दोन, दहा दिवस. चिठ्ठीत चूक काही नव्हती. तेवढ्या दुखण्याला तेवढी गोळी रास्तच होती.

दहा दिवसांनी कामावर रुजू झाले. गोळ्या चालू राहिल्या, कारण हंगाम चालू होता. मग 2020 चा मार्च. फिजिओथेरपी बंद, डॉक्टरांचा दवाखाना बंद, प्रेस बंद. उघडं होतं ते फक्त मेडिकल. त्या काळात जुन्या चिठ्ठीचा मोबाइलमधला फोटो दाखवला तरी काम व्हायचं, आणि लॉकडाऊन उठल्यावरही होत राहिलं. दोनाच्या चार झाल्या, चाराच्या सहा. प्रत्येक वाढीला कारण होतं आणि ते कारण कमरेतच असायचं.

नियम नव्हते असं नाही. ट्रॅमाडॉल औषधांच्या शेड्यूल एच-वन या यादीत आहे. चिठ्ठी बघायची, डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव आणि किती गोळ्या दिल्या ते वहीत लिहायचं आणि ती वही तीन वर्षं जपायची, असा 2014 पासूनचा दंडक आहे. 2018 मध्ये तर हे औषध एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आणलं गेलं. पण कायदा दिल्लीत होतो आणि गोळी गल्लीत मिळते. ऑगस्टमध्ये जे ‘व्हायरल’ झालं त्याचं कारण एवढंच, की नेहमीच्या दुकानात नवा फार्मासिस्ट आला होता आणि तो बिचारा वही नीट भरत होता.

इथे एक शब्द नडतो. ट्रॅमाडॉलला ‘सौम्य ओपिऑइड’ म्हणतात. मॉर्फिनच्या तुलनेत सौम्य, हे खरं. पण ऐकणाऱ्याला ‘सौम्य’ म्हणजे ‘निरुपद्रवी’ असं वाटतं, आणि लिहून देणाऱ्यांपैकीही काहींना वाटत असावं. या गोळीचं काम दुहेरी आहे. ती अफूच्या जातीची म्हणून वेदना दाबते, शिवाय मेंदूतल्या सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनलिन या रसायनांवरही असर करते, म्हणजे मनःस्थितीवर. मशिनमन म्हणाले, “गोळी घेतली की मशीनचा आवाजसुद्धा बरा वाटायचा.” हे वाक्य मी केसपेपरवर जसंच्या तसं लिहून घेतलं होतं. ज्याची फक्त कंबर बरी होते तो मशीनच्या आवाजाबद्दल बोलत नाही.

2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणाप्रमाणे देशात 10 ते 75 वयोगटातले सुमारे 2.1 टक्के लोक कुठल्या ना कुठल्या प्रकारची ओपिऑइड वापरतात, आणि त्यात औषधी गोळ्यांचा वाटा जवळपास एक टक्का लोकांचा आहे. आमच्या ओपीडीत या गटातली माणसं उशिरा येतात. गर्दुल्ला म्हणून त्यांच्याकडे कोणी बोट दाखवत नाही, हेच त्यांचं दुर्दैव.

पहिली भेट

आले ते वहिनींच्या मागून, इस्त्रीचा शर्ट, बोटांच्या पेरांत काळी शाई. खुर्चीच्या कडेवर बसले. “मॅडम, मी नशा करणारा माणूस नाही. माझी कंबर दुखते.” आणि थोड्या वेळाने हळूच, “यात पोलिसांत नाव जातं का?” कुठेतरी त्यांनी ‘नार्कोटिक’ हा शब्द वाचला होता. उपचाराला येणं हा गुन्हा नाही, इथलं इथेच राहतं, हे सांगण्यात पहिली वीस मिनिटं गेली. ती वाया गेली असं मला वाटत नाही.

सिगारेटचं कोणी विचारलंच नव्हतं. मी विचारलं. दिवसाला चौदा, बाविसाव्या वर्षापासून. सुट्ट्या घ्यायच्या. महाराष्ट्रात सुट्टी सिगारेट विकायला 2020 पासून बंदी आहे, हे सांगितल्यावर ते प्रथमच हसले. सकाळी डोळे उघडल्यावर पाच मिनिटांत पहिली. फागरस्ट्रॉम नावाची सहा प्रश्नांची एक चाचणी असते, तीत दहापैकी सात गुण आले. म्हणजे निकोटिनचं अवलंबित्व पक्कं. आणि त्या पहिल्या सिगारेटबरोबर काय, तर पहिल्या तीन गोळ्या. पाण्याबरोबर गोळ्या, गोळ्यांवर सिगारेट, सिगारेटवर चहा. “मग माणूस सुरू होतो,” ते म्हणाले.

मानसोपचारतज्ज्ञांनी तपासलं. यकृताच्या तपासण्या थोड्या वर, काळजीचं कारण नाही. झटका कधी आलेला नाही. एकदम बंद करायचं नाही, हे त्यांनी तीनदा सांगितलं. कारण या माणसाने ऑगस्टमध्ये तीन दिवस नकळत तेच केलं होतं. ठरलं असं: दहा गोळ्यांपासून सुरुवात, आठवड्याला एक कमी. ठरलेल्या वेळा चार, आणि त्या घड्याळाने, दुखण्याने नाही. चिठ्ठी फक्त आमची, दर सोमवारी सात दिवसांची. गोळ्या वहिनींच्या ताब्यात.

आणि सिगारेट? “आधी गोळ्या सुटू देत, सिगारेटचं नंतर बघू.” हे वाक्य माझं. आमच्या क्षेत्रात हे वाक्य इतक्या वेळा बोललं जातं की ते नियमासारखं वाटायला लागतं. माणसाकडून एकदम दोन काठ्या काढून घेऊ नयेत, असा त्यामागचा कनवाळू विचार. संशोधन मात्र उलटं सांगतं: व्यसनमुक्तीच्या उपचारांबरोबरच तंबाखू सोडवण्याचा प्रयत्न केला तर मूळ उपचार बिघडत नाहीत, बरेचदा जास्त टिकतात. हे मी वाचलेलं होतं. तरी ते वाक्य बोलले.

वही

मी प्रत्येकाला नोंदी ठेवायला सांगते आणि दहातले आठजण ठेवत नाहीत. यांनी प्रेसमधल्या वेस्टेज शीट कापून, पाठीला डिंक लावून स्वतःची वही बांधून आणली. चार रकाने: वेळ, कुठे दुखतं, तेव्हा काय करत होतो, काय घेतलं.

पहिल्या आठवड्यात 44 नोंदी. आम्ही दोघांनी टेबलावर वही उघडी ठेवून रंगीत पेनांनी खुणा केल्या. वाकल्यावर, उचलल्यावर, ट्रेनमध्ये उभं राहिल्यावर दुखलं त्या नोंदींना हिरवी खूण. त्या निघाल्या 15. उरलेल्या 29 नोंदी काही न करता आलेल्या. पहाटे साडेपाचला अंथरुणात पडल्यापडल्या. आणि जवळजवळ सगळ्या आधीच्या गोळीनंतर पाच ते सहा तासांनी. ट्रॅमाडॉलचं शरीरातलं प्रमाण साधारण सहा तासांत अर्ध्यावर येतं. शिवाय त्या 29 मध्ये ‘कुठे दुखतं’ या रकान्यात कंबर थोड्याच ठिकाणी होती. बाकी ठिकाणी पोटऱ्या, मांड्या, ‘सगळं अंग’, एकदा तर ‘दात’.

ते बराच वेळ वहीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “रजिस्टर हललंय.”

मला कळलं नाही. त्यांनी समजावलं. चार रंगांचे चार छापे एकावर एक पडतात. ते तंतोतंत बसले तर फोटो स्वच्छ. एक जरी केसभर सरकला तर डोळे दोन-दोन दिसतात, अक्षराला सावली येते. त्याला रजिस्टर हलणं म्हणतात. “मॅडम, कमरेचा छापा एक आहे आणि गोळीचा दुसरा. मी दोन्ही एकच धरून चाललो होतो.”

सिगारेटसाठी त्यांच्याकडे ‘तलफ’ हा शब्द होता. गोळीसाठी तो त्यांनी तोपर्यंत एकदाही वापरला नव्हता, तिथे कायम ‘दुखणं’. त्या दिवसापासून वहीत पाचवा रकाना आला: दु की त. मी इतकी वर्षं विड्रॉवल (गोळी तुटल्यावर होणारा त्रास), क्रेव्हिंग (तलफ) वगैरे समजावते आहे, पण एवढं नेटकं मला कधी मांडता आलं नव्हतं.

एक खुलासा इथे करायला हवा. तलफेतलं दुखणं खोटं नसतं. पोटरी खरंच तळमळते, अंग खरंच ठणकतं. शिवाय दीर्घकाळ ओपिऑइड घेणाऱ्यांची वेदना सोसण्याची पातळीच काही वेळा खाली येते, म्हणजे गोळी वाढवावी तसं दुखणं वाढत जातं. ‘दु की त’ हा खरं-खोटं ठरवण्याचा प्रश्न नव्हता. कशावर काय उपाय, एवढंच ठरवायचं होतं. हिरव्या नोंदींना फिजिओथेरपी. उरलेल्यांना घड्याळ, चालणं, गरम पाण्याची पिशवी आणि वाट बघणं.

फिजिओथेरपीत कळलं की वाकायचीच त्यांनी भीती घेतली होती. तीन वर्षं पाठ कडक ठेवून जगत होते. प्रेसच्या शेठशी मशिनमन स्वतः बोलले. कारण सगळं सांगितलं नाही, फक्त कमरेचं सांगितलं. रीम फोडून अर्धी-अर्धी उचलायची आणि एक हँड पॅलेट ट्रॉली घ्यायची, असं ठरलं. ट्रॉली आली ती सेकंडहँड, चाक कुरकुरणारी. माझ्या मते या प्रकरणातलं सर्वांत गुणकारी औषध तीच.

पाचव्या गोळीवर गाडी अडली

दहाची नऊ, आठ, सात. दिवाळीच्या आसपास पाच. वजन थोडं वाढलं, बद्धकोष्ठता गेली (यावर ओपीडीत कोणी आपणहून बोलत नाही, पण सुटली की सगळे बोलतात). आम्ही खूश होतो.

वहीत मात्र ‘काय घेतलं’ या रकान्यात सिगारेटी वाढत चालल्या होत्या. चौदाच्या सोळा, वीस, बावीस. मी त्या बघत होते आणि चालवून घेत होते. त्यांच्या हातून एक काठी सुटत होती, दुसरी त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात ते ठरलेल्या सोमवारी आले नाहीत. बुधवारी वहिनींचा फोन. गोळ्या घरात आहेत तेवढ्याच आहेत, पण माणूस ‘बरा’ आहे. जरा जास्तच बरा.

गुरुवारी आले. झालं होतं ते असं. करी रोडला उतरून प्रेसकडे जायच्या वाटेवर पानाची टपरी आहे आणि टपरीला लागूनच मेडिकल. गेली दहा वर्षं तिथे थांबून दोन सिगारेटी ओढायच्या, हा नेम. गोळ्या त्याच मेडिकलमधून यायच्या. “मी मेडिकलला जात नव्हतो, मॅडम. मी सिगारेटला जात होतो.” पण सिगारेट हातात असताना समोर काउंटर दिसतो, काउंटरवरचा पोरगा ओळखीचं हसतो. सोळा दिवस नुसतं बघितलं, सतराव्या दिवशी पाय वळले. नवा फार्मासिस्ट रजेवर होता.

आम्ही दोन व्यसनं दोन कागदांवर लिहिली होती. त्यांच्या पायांना ती एकाच फुटपाथवर ठाऊक होती. सकाळची पहिली गोळी आणि पहिली सिगारेट, रात्रपाळीतली मधल्या सुट्टीची गोळी आणि सिगारेट, ही जोडी तीन वर्षं रोज चार वेळा घोटवली गेली होती. एक ओढली की दुसरीची आठवण शरीरच करून देत होतं. हे मला वहीत आधीच दिसायला हवं होतं. तसं मी त्यांना सांगितलंही. ते म्हणाले, “जाऊ द्या मॅडम, प्रूफ तपासणाऱ्याच्याही नजरेतून सुटतं.”

मग बेत बदलला. गोळ्या पाचवरच तीन आठवडे थांबवल्या आणि सिगारेट सोडायचा दिवस ठरवला. दिवस वहिनींनी निवडला, मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. घरात घट मांडलेला असतो, त्या दिवशी तरी, म्हणून. मला अशा मुहूर्तांचं वावडं नाही. तारीख पाळली जाणार असेल तर ती कुणाच्या पंचांगातली, याने काय फरक पडतो?

सिगारेट सोडायला ब्युप्रोपिऑन नावाचं औषध बरेचदा वापरतात. इथे ते सरळ बाद. त्याने झटक्याचा धोका वाढतो, ट्रॅमाडॉलनेही वाढतो. शिवाय ट्रॅमाडॉलचं ज्या एन्झाइममुळे प्रभावी रूप तयार होतं तेच एन्झाइम ब्युप्रोपिऑन रोखतं, म्हणजे गोळी पोटात असून अंगाला लागणार नाही आणि विड्रॉवल सुरू होईल. उरलं निकोटिन गम. पहिली सिगारेट उठल्याउठल्या ओढणारा माणूस, म्हणून 4 मिलिग्रॅमचं.

पहिले दोन दिवस त्यांनी ते सुपारीसारखं चावचावून खाल्लं. उचक्या, मळमळ, घशात जाळ. “हे तुमचं च्युइंग गम काही कामाचं नाही.” गम चघळायचं नसतं. चार-सहा वेळा चावायचं, जिभेला चुरचुर लागली की गालात धरून ठेवायचं, चुरचुर ओसरली की पुन्हा चावायचं, असं अर्धा तास. आधीची पंधरा मिनिटं चहा-सरबत काही नाही. हे मी हातवारे करून समजावत होते, तेव्हा ते एकदम म्हणाले, “म्हणजे आमचे वडील बार लावायचे तसं!” अगदी तसंच. पुढे मला काही शिकवावं लागलं नाही.

वाट बदलली. करी रोडऐवजी एक स्टेशन आधी, परळला उतरायचं आणि दुसऱ्या बाजूने चालत प्रेसला जायचं. बारा-तेरा मिनिटं जास्त. कमरेला चालणं हवंच होतं. टपरीवाल्याला मात्र त्यांनी जाऊन सांगितलं, की आता येणार नाही. हे मी सांगितलं नव्हतं. “दहा वर्षांचं गिऱ्हाईक न सांगता गेलं तर माणसाला वाटतं उधारी बुडवून पळाला.”

सिगारेट सोडल्यावर पाचव्या-सहाव्या दिवशी धडधड, हाताला कंप, झोप उडालेली. ते घाबरले, मीही क्षणभर घाबरले, कारण गोळ्या तर कमी केल्या नव्हत्या. डॉक्टरांनी एकच विचारलं: चहा किती? दिवसाला नऊ कटिंग, घरचे दोन वेगळे. सिगारेटच्या धुरातली काही द्रव्यं यकृतातलं एक एन्झाइम जोरात चालवतात आणि तेच एन्झाइम चहा-कॉफीतलं कॅफीन मोडतं. धूर बंद झाला की तेवढाच चहा रक्तात जास्त साचतो, जवळपास दुप्पट. नऊचे चार कटिंग केल्यावर चार दिवसांत कंप गेला. किती जणांनी ही धडधड ‘सिगारेट सोडणं आपल्याला मानवत नाही’ असं समजून पुन्हा काडी पेटवली असेल, कोण जाणे.

बायको की कंपाउंडर

या प्रकरणात दुसरी एक चूक झाली, ती उपचारांच्या आखणीतलीच. गोळ्यांची चावी वहिनींच्या हातात देणं सोयीचं होतं आणि सुरुवातीला गरजेचंही. पण डिसेंबरात त्या एकट्या भेटायला आल्या. रात्री दोनला हे प्रेसमधून आले की त्यांचे खिसे तपासायचे, शर्टाचा वास घ्यायचा, सकाळी डबी भरायची, मग साडेसातची लोकल. “ताई, मी त्यांची बायको आहे की कंपाउंडर?” मुलगी बारावीला. ती बापाशी बोलायची थांबली होती. खोटं बोलल्याचा राग होता तिला, गोळ्यांचा नाही.

तेव्हापासून गोळ्या सात दिवसांऐवजी दोन हप्त्यांत, सोमवारी आणि गुरुवारी, थेट मशिनमनच्या हातात द्यायला लागलो. मोजणी आमच्याकडे. वहिनींना फक्त एक काम ठेवलं: काही वेगळं दिसलं तर फोन करायचा, तपास नाही करायचा. भांडुपहून आठवड्यात दोनदा यायला त्यांना जड गेलं असतं, पण ओपीडी प्रेसपासून चालत अंतरावर होती, हे नशीब. विरारला राहून वसईत काम करणाऱ्याला मी हा उपाय सांगू शकले नसते.

घसरण अजून एकदा झाली, कॅलेंडर आणि डायऱ्यांच्या घाईत. सलग तिसरी रात्रपाळी, गोळ्या तीनवर आलेल्या, बाइंडिंगमधल्या एकाने आईच्या गुडघेदुखीच्या गोळ्या पुढे केल्या. एका रात्रीत सहा गोळ्या आणि तीन सिगारेटी. यावेळी तेच दुसऱ्या दिवशी सकाळी ओपीडीच्या दारात उभे. वही घेऊन. नोंदीत लिहिलं होतं: ‘त. दु नाही.’

आम्ही त्यांना पुन्हा दहावर नेलं नाही आणि शून्यावरही ढकललं नाही. दोन दिवस चार, मग तीन, तिथून पुन्हा मोजणी सुरू. एक गोष्ट मात्र बजावून सांगितली: शरीराची सवय उतरली की जुनी मात्रा नवी होते. महिन्यांपूर्वी पचलेल्या दहा गोळ्या आता पचतीलच असं नाही. रात्रपाळ्या दोन महिने बंद करून घेतल्या, त्यात ओव्हरटाइमचे पैसे गेले. घरात त्यावरून वाद झाला, तो मिटला. त्यात फार शिरत नाही.

शेवटच्या दोन गोळ्या सर्वांत हट्टी निघाल्या. आठवड्याला एकचा हिशेब तिथे सोडून दिला, अर्धी-अर्धी करत दर दोन आठवड्यांनी खाली आलो. डोक्यात मध्येच वीज चमकल्यासारखा झटका, विनाकारण रडू, पहाटेची घालमेल. ओपिऑइडच्या नेहमीच्या विड्रॉवलमध्ये हे सहसा नसतं. ट्रॅमाडॉलच्या त्या दुसऱ्या, मनःस्थितीवरच्या कामाचं हे देणं. आधी सांगून ठेवलं होतं म्हणून निभावलं. शेवटची अर्धी गोळी 2023 च्या मार्चमध्ये, होळीच्या सुमारास. समारंभ काही केला नाही. त्यांनी फक्त वहीचं शेवटचं पान फाडून मला दिलं, कोरं.

कंबर दुखायची थांबलेली नाही. गोळ्या चालू असताना ते दहापैकी सहा सांगायचे, आता तीन, पावसात चार. निकोटिन गम दिवसाला दोन-तीन अजूनही लागतं, आणि मला त्याची घाई नाही. मुलगी बोलायला लागली आहे, पण सगळं नाही.

शेवटचे भेटले ते 2024 च्या जूनमध्ये. अक्कलदाढ काढली होती. दंतवैद्यांनी सवयीने तीच जोडगोळी लिहून दिली, ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉल. यांनी पाकिटातून आमच्या लेटरहेडवरचा, घडी पडून मऊ झालेला कागद काढून दाखवला. दंतवैद्यांनी काही न विचारता चिठ्ठी बदलली: आयबुप्रोफेन आणि साधी पॅरासिटामॉल, तीन दिवस. तरी खात्री करायला औषधांचं बिल घेऊन ते माझ्याकडे आले होते, गाल सुजलेला, बोलणं अर्धंच कळत होतं.

“हे चालेल ना, मॅडम?”

चालेल म्हटलं. वहिनींनी पर्समधून उरलेली पाकिटं काढून टेबलावर ठेवली. मोजायचं नाही असं आमचं ठरलं होतं, पण पतपेढीची सवय. चार उरल्या होत्या. बरोबर तेवढ्याच उरायला हव्या होत्या.